एक सूत मागे

शेडचं दार उघडलं तर समोर ड्राहोमीरा,
टेकडीवरून दोन किलोमीटर गाडी ढकलत आलेली,
पायात बागेतले बूट.
दहा पावलं मागे, काठी टेकत, व्लास्तिमिल:
"ब्रेकला हात लावू नकोस गं, लावू नकोस."

जावा, तीनशे पन्नास. टाकीच्या दोन्ही अंगांना
रंग उडून दोन फिकट चकत्या पडलेल्या.
एकोणतीस वर्षं एकाच माणसाचे गुडघे.

"हँडल मागे घ्यायचंय."
"किती?"
"माझे हात पोचतील इतकं."

व्लास्तिमिल भिंतीवरचे पाने बघत राहिला,
आठपासून बत्तीसपर्यंत, एकेक, मोजल्यासारखे.
डावा हात कोटाच्या खिशात.
हिवाळ्यापासून तो हात तिथेच असतो,
रोज सकाळी उजव्या हाताने उचलून ठेवलेला.

चार बोल्ट, चारही गंजलेले.
तेल सोडलं आणि कॉफी प्यायलो,
गाळ तळाशी बसेपर्यंत कुणी काही बोललं नाही.
मग पान्याला एक हिसका,
बोल्ट किंचाळला, क्लॅम्प सुटला,
आणि खालून दांड्याची एक लखलखीत पट्टी निघाली,
दोन बोटं रुंद, अगदी दुकानातून आणल्यासारखी.
कडेला खिळ्याने ओढलेली रेघ.
"माझी आहे ती," व्लास्तिमिल म्हणाला.

फळीवरून दुसरा दांडा काढला,
बोकडाच्या शिंगांसारखा मागे वळलेला.
"बसा," मी म्हटलं.
ती बसली.
मागे.
मागच्या सीटवर, मागच्या फूटरेस्टवर पाय,
हात पुढे केले, आणि ते
एका कमरेच्या घेराइतके उघडून हवेत थांबले.
मी चिंधीला हात पुसत बसलो. बराच वेळ पुसले.
मग तीच फसकन हसली
आणि पुढे सरकली.

डोळे मिटा. खांदे सोडा.
हात पडतील तिथे पडू द्या.
"जरा खाली." "नको, वर."
"एक सूत मागे." "तुमचं सूत किती हो?"
क्लचपर्यंत तिची बोटं पुरेनात,
लिव्हर फिरवली, कोपरापासून नखापर्यंत
एक सरळ रेघ येईतो.
पुढचे बोल्ट आधी, मग मागचे, फट राहील ती मागे,
हे मी सांगणार, तेवढ्यात तो सांगू लागला:
"अजून अर्धा आटा. अजून पाव.
बास. बास म्हटलं ना, पिळशील!"

किक मारली. हँडल डावीकडे वळवलं,
आणि मूठ कुणी पिळली नसताना
इंजिन चढ्या आवाजात गुरगुरलं.
माझ्याआधी त्यालाच ऐकू आलं.
"तार आखूड पडते."
काठी भिंतीला लावून तो गुडघ्यावर बसला
(कसा बसला, विचारू नका),
नवी केबल एका हाताने
टाकीखालून, फ्रेमच्या आतल्या अंगाने नेली,
दातात धरली, ओढली, सोडली.
मी फक्त टॉर्च धरला.

"खूण करू?" खिळा हातात घेऊन विचारलं.
"आत्ताच नको," ड्राहोमीरा म्हणाली,
"आधी गुरुवारी ब्रनोच्या दवाखान्यात जाऊन येऊ.
तोवर माझे हात काय म्हणतात बघते."

पावती लिहिली: दांडा, वापरलेला. केबल, नवी.
मजुरीपुढे आकडा घातला, मग त्याचं नाव आठवून
अर्धा केला.

मागे कसं बसायचं ते त्याला येईना.
पाय कुठे, काठी कुठे, तोंड कुठे फिरवायचं.
तिने वळून त्याच्या खिशातला तो हात काढला
आणि आपल्या कोटाच्या खिशात घातला,
वरून बटण लावलं.

गेले.
चर्चपाशी रस्ता डावीकडे एकदम वळतो.
मी दारात उभा राहून कान दिला.
आवाज चढला नाही.